चौथ्या रविवारीही दारातच

चौथ्या रविवारीही व्हॅम्पायर दारातच उभा राहिला. डोळ्यांवर काळा चष्मा, हातात छत्री आणि पाठीवर चार वाजताचं ऊन. उन्हानं तो मरत नसे, पण कातडी चरचरत असे, आणि तशात चेहरा हसरा ठेवायचा म्हणजे परीक्षाच होती.

ज्या मुलीशी त्याला लग्न करायचं होतं, तिच्या वडिलांनी दार उघडलं. त्यांची उभी हयात थिएटरच्या दारावर तिकिटं फाडण्यात गेली होती. तिथे कुणाला ‘या’ म्हणायचं नसतं. तिकीट फाडायचं, बाजूला व्हायचं आणि हनुवटीनं आत खूण करायची. निवृत्तीला सहा वर्षं झाली तरी घरी येणाऱ्यालाही तीच खूण. व्हॅम्पायरची अडचण अशी, की घरमालकानं तोंडानं आत बोलावल्याशिवाय त्याला उंबरठा ओलांडता येत नाही. हनुवटी चालत नाही. पहिल्या रविवारी त्यानं प्रयत्न करून पाहिला, तर नाक हवेवरच आपटलं.

‘बाबा, त्यांना या म्हणा की,’ असं मुलीनं परोपरीनं सांगून पाहिलं होतं. दार सताड उघडं असताना आणखी काय पत्रिका छापायची, असं त्यांचं उत्तर. या माणसाला आपल्या घरात पाऊल टाकायला कमीपणा वाटतो, अशी त्यांची पक्की समजूत झाली होती. आज तो आत आला नाही तर हे लग्न विसरायचं, असं त्यांनी सकाळीच मुलीला बजावलं होतं, आणि मुलीनं फोन करून ते त्याला कळवलं होतं.

ती वडिलांच्या मागे उभी होती, डोळ्यांत पाणी आणून. चष्म्याच्या दुकानात त्याला काळा चष्मा तिनंच विकला होता. दुकानाच्या आरशात तो चष्मा एकटाच तरंगत होता. तिनं एकदा आरशाकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे, आणि फ्रेम तुम्हाला शोभते म्हणाली. त्या दिवसापासून तो तिच्यावर जीव टाकत होता.

वडिलांनी हनुवटी हलवली. तो हसला आणि जागचा हलला नाही.

‘बरं,’ म्हणत त्यांनी दारामागची वही त्याच्यासमोर धरली. ‘नाव-पत्ता लिहून द्या आणि निघा.’

ही वही कशासाठी असते, ते त्याला मुलीकडून कळलं होतं. सहा महिन्यांपूर्वी लॅबमधून वडिलांच्या साखरेचा रिपोर्ट आला, त्या पाकिटात एक निनावी चिठ्ठी होती. साखर ठीक आहे, पण मूत्रपिंड ताबडतोब दाखवा, एवढंच. दाखवलं, तर गाठ निघाली. ती वेळेत काढली म्हणून ते आज उभे होते. तेव्हापासून ते चिठ्ठीवाल्याला शोधत होते. डॉक्टर, औषधवाला, शेजारीपाजारी, कुणालाही त्यांनी लिहायला लावल्याशिवाय सोडलं नव्हतं. चष्म्याच्या डबीत ठेवलेली चिठ्ठी काढून ते अक्षर ताडून बघत आणि हिरमुसून परत ठेवत.

चिठ्ठी व्हॅम्पायरनं लिहिली होती. तो त्याच लॅबमध्ये रक्त तपासण्याच्या कामाला होता. रक्ताची ती नळी कुणाच्या वडिलांची, हे तेव्हा त्याला माहीतही नव्हतं.

डाव्या हातानं लिहावं, असं त्याच्या मनात आलं. अक्षर ओळखलं तर ‘तुम्हाला कसं कळलं’ हा प्रश्न येणार, आणि त्याचं खरं उत्तर ऐकून कुठला बाप मुलगी देईल? पण वडिलांचा एक हात अजून ऑपरेशनच्या जागेवरच होता. आपल्या शब्दावर तरलेल्या माणसाला खोटं अक्षर दाखवणं त्याच्या जिवावर आलं. त्यानं उजव्या हातात पेन घेतलं आणि पावणेदोनशे वर्षांपूर्वी घटवलेल्या वळणदार अक्षरात नाव लिहिलं.

वडिलांनी डबी उघडली. चिठ्ठी वहीशेजारी धरली. एकेक वळण ते बोटानं ताडत गेले, आणि प्रत्येक जुळलं. मुलगीही पुढे वाकून पाहू लागली.

‘यंत्राला कळलं नाही,’ ते अखेर म्हणाले, ‘ते तुम्हाला कसं कळलं?’

‘चाखून.’

मग त्यानं सगळंच सांगून टाकलं. तपासणी झाल्यावर नळ्यांत जे उरतं, तेच त्याचं जेवण. गेल्या नव्वद वर्षांत त्यानं कुणाच्या मानेला दात लावलेला नाही. तसली चव त्याच्या जिभेवर पूर्वी दोनदाच आली होती, आणि ती दोन्ही माणसं वर्षभरात गेली. तेव्हा तो गप्प बसला होता. या वेळी त्याला गप्प राहवलं नाही.

वडील पाठ फिरवून आत गेले. खिडकीचा पडदा ओढल्याचा आवाज आला, मग दुसऱ्या खिडकीचा, मग तिसऱ्या. आपल्याला घर बंद झालं, असं समजून तो छत्री सावरत वळला.

‘कुठे निघालात?’ अंधारलेल्या खोलीतून वडील म्हणाले. ‘पाठ भाजली असेल. आत या.’

त्याचं पाऊल आत पडलं. त्यांनी त्याला खुर्चीत बसवलं, मुलीला सुई आणायला सांगितलं आणि स्वतःची बाही वर सारली. गाठ काढल्यापासून त्यांना रात्रीची झोप नव्हती. रिपोर्ट चांगले येत, पण आधीचेही चांगलेच होते. बोटाच्या टोकावर थेंब आला. व्हॅम्पायरनं तो जिभेवर घेतला आणि डोळे मिटले.

‘काही नाही, काका. अगदी निरोगी आहे.’

वडिलांनी मोठा श्वास सोडला. त्यांना रडू आलं आणि त्यांनी ते लपवलंही नाही. आपल्याहून सव्वाशे वर्षांनी लहान असलेल्या त्या माणसाकडे पाहताना व्हॅम्पायरचाही काळा चष्मा आतून भिजला. आजवर कुणी त्याला आपण होऊन थेंबभर दिलं नव्हतं.

वडिलांनी बोट परत पुढे केलं.

‘संकोच करू नका,’ ते म्हणाले. ‘अजून थोडं घ्या.’