जसोदाबाईचं दार

ते साल दोन हजार अठरा. पुरुषोत्तमनगरच्या साखर कारखान्याचा बॉयलर पेटून महिना झाला होता आणि ऐन हंगामात, भर दुपारी, शांतीलालचा उसाचा ट्रक शहाद्यात धीरजच्या टेप-स्पीकरच्या दुकानापुढे उभा होता. शांतीलाल स्टिअरिंगवरून उतरायला तयार नव्हता. नवा टेप घ्यायला त्याला त्याच्या बायकोने, पार्वतीबाईने, जवळजवळ ओढूनच आणलं होतं.

गावाची रीत अशी की ज्या घरी मयत झाली त्या घरापुढून तेरा दिवस कुठलीही गाडी गाणं वाजवत जात नाही. महिन्यापूर्वी शांतीलालचा चुलतभाऊ हेमराज गेला. तिरडीला पहिला खांदा शांतीलालचाच होता. तिसऱ्या दिवशी कारखान्यावर ऊस रिकामा करून तो परतत होता. एरवी अशा वेळी तो घराअलीकडच्या नाल्यावरच गाणं बंद करायचा. त्या दिवशी विचारात हेमराजच्या घराजवळचं वळण कधी आलं ते त्याला कळलं नाही. घाईने हात नेला. त्याच्या टेपला नखाएवढी सपाट बटणं होती. चाक खड्ड्यात गेलं, बोट भलत्याच बटणावर पडलं आणि वरातीचं गाणं दुप्पट आवाजात उसळलं. ओट्यावर बायका सुतकात बसल्या होत्या. हेमराजची बायको जसोदाबाई उठली आणि तिने दार लावून घेतलं.

तेव्हापासून शांतीलालच्या गाडीची घरघर ऐकली तरी ते दार लागायचं. त्यानेही टेपच्या तारा उपटून टाकल्या. पण पंचवीस वर्षं गाण्याच्या सोबतीने गाडी हाकलेला माणूस. गाणं गेलं तशी त्याला डुलकी लागू लागली. मागच्या आठवड्यात ट्रक पाटाच्या काठावर जाऊन थांबला. म्हैस आडवी आली, असं त्याने घरी सांगितलं. पार्वतीबाई तिथे जाऊन ओल्या मातीत म्हशीच्या खुराचा ठसा शोधून आली. सापडला नाही. दुसऱ्या दिवसापासून भाकरीच्या फडक्याबरोबर तीही केबिनमध्ये चढून बसायला लागली.

धीरजने पहिला टेप तारांना जोडून दाखवला. मोबाइलसारखी काच, रंगीत दिवे. पार्वतीबाईने नवऱ्याला गाडी चालू करायला लावली, इंजिनाने केबिन हलायला लागली तशी पुढे सरकून त्याच्या डोळ्यांवर आपला पदर धरला. गाणं रंगात आलं आणि ती एकदम म्हणाली,

"दार उनं."

दार आलं म्हटल्यावर कुणाचं ते शांतीलालला विचारावं लागलं नाही. त्याचं बोट काचेवर इकडेतिकडे घसरलं. गाणं बदलून भजन लागलं, तेही मोठ्याने.

"काकू," धीरज पायरीवरून म्हणाला, "टेप लेवाले उनात का आंधळी कोशिंबीर खेळाले?"

तिने त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. दुसरा जोडायला सांगितला. त्याला चार बटणं होती, बारीक, एकाला लागून एक. पदर, गाणं, दार उनं. आवाज चढतच गेला. पलीकडच्या टपरीवरची माणसं चहा सोडून बघायला लागली. शांतीलालच्या कपाळावर घाम आला. राहू दे, निघू या, असं तो पुटपुटला. पार्वतीबाईने पदर काढला नाही.

मग धीरजने खालच्या फळीवरून एक धुळकट खोकं काढलं. हा कुणी घेत नाही, याला दिवेच नाहीत, असं त्याने आधीच सांगून टाकलं. त्या टेपला मधोमध लिंबाएवढं एकच गोल बटण होतं, कडेला खाचा असलेलं.

"दार उनं."

शांतीलालचा हात पहिल्याच वेळी बटणावर गेला. आच कमी केल्यावर दूध खाली बसावं तसा आवाज बसला. पार्वतीबाईने तेच आणखी तीनदा करायला लावलं. मग पदर काढला. शांतीलालचे डोळे ओले होते. धुळीने झाले असतील, असं ती म्हणाली.

परतताना वळणावर तिने काही सांगितलं नाही. हात मांडीवर ठेवून समोर बघत राहिली. जसोदाबाई ओट्यावर तूर निवडत होती. लांबून गाणं ऐकून ती उठली, दाराला हात लावला. तेवढ्यात गाणं उतरत गेलं आणि ओट्यासमोर ट्रक पोचला तेव्हा नुसती घरघर उरली होती.

दार लागलं नाही. जसोदाबाई पायरी उतरून खाली आली. शांतीलालने ब्रेक दाबला, पण मान तिच्याकडे वळवली नाही.

"शांतीभाऊ, बंद काबर करं?" ती म्हणाली. "ऱ्हावू दे चालू. घरमा सुनं सुनं लागस."

त्याने न बघता बटण थोडंसं फिरवलं.

धीरजचं दुकान आता बायपासला गेलं आहे. वयस्कर ड्रायव्हर आला की तो आधी त्याला डोळे मिटायला सांगतो. गुडघे धरल्यावर शांतीलालने ट्रक विकला, पण टेप काढून घेतला. तो जसोदाबाईच्या ओट्यावर लाकडी खोक्यात बसवला आहे, बॅटरीवर चालतो.

गेल्या वर्षी पार्वतीबाई गेली. तेरा दिवस टेप बंद होता. चौदाव्या दिवशी संध्याकाळी शांतीलाल काठी टेकत एकटाच वळणावर आला. जसोदाबाई तूर निवडत होती. तिने सुपातून नजर काढली नाही. नुसता हात मागे नेला आणि बटण थोडंसं फिरवलं.