एकदम ओतलं

"थेंब थेंब," सर तिच्या कानाशी पुटपुटले. "घाई करू नकोस."

तिच्या हातात छोटा बीकर होता, कॉस्टिक सोड्याच्या पाण्याचा. समोर हॉटप्लेटवर मोठा बीकर. त्यात लोखंडाचे आणि कोबाल्टचे क्षार विरघळलेले, वरून ढवळायचा पंखा फिरतोय. पलीकडे स्टुलावर पाहुण्या बाई बसलेल्या. मांडीवर छापील रिसर्च पेपर, हातात पेन्सिल. एक पायरी झाली की एक खूण. चहासुद्धा घेतला नव्हता त्यांनी.

लॅबमध्ये तिला सगळे सुसाट म्हणायचे. चालणं सुसाट, बोलणं सुसाट, काचा फोडणंही सुसाट.

पेपर तिचा आणि सरांचा होता. चुंबकाकडे झेपावणारी पावडर, कणांचा आकार डोळ्याला दिसणार नाही इतका बारीक. बाईंच्या लॅबने तीच पावडर करून बघितली. जमत नाही, असं त्यांनी कळवलं आणि मग स्वतःच येऊन धडकल्या. आज त्यांच्यासमोर पावडर झाली नाही तर पेपर मागे घ्यायचा आणि सुसाटची पीएचडी गेली. चार वर्षं पाण्यात. घरी आईने कधीच सांगून टाकलं होतं सगळ्यांना, पोरगी डॉक्टर होणार. मावशी तर गुडघा दाखवायला येऊनही गेली.

आणि पेपरात खोटं होतं. एकाच ओळीचं.

सोडा थेंब थेंब घालावा, तासभर, असं लिहिलं होतं. ती सरांची पद्धत. त्यावरच त्यांचं सगळं नाव. पण पावडर पहिल्यांदा जमली त्या दिवशी सुसाटचा हात घसरला होता आणि सगळा सोडा एकदम आत गेला होता. फेकून द्यायच्या आधी तिने सहज चुंबक लावलं, तर सगळं काळं धावत काचेला येऊन चिकटलं. मग मुद्दाम चार वेळा तसंच केलं. चारही वेळा जमलं. तिने सरांना सांगितलं. सर म्हणाले, धसमुसळेपणाला पद्धत म्हणत नाहीत बाळ, थेंब थेंब लिही. तिने लिहिलं. एका ओळीने कुणाचं काय बिघडतंय, असं वाटलं तेव्हा.

थेंब थेंब घातलं की काय होतं ते तिला पाठ होतं. लोखंड आधीच खाली बसतं, कोबाल्ट मागे राहतो, दोघांची जोडी जमतच नाही. नुसता तपकिरी गाळ. म्हणजे आकडे बनावट, पोरगी लबाड. आणि एकदम ओतलं तर पावडर जमणार, पण पेपर खोटा ठरणार. इकडून पण मेली, तिकडून पण मेली.

सरांनी तिच्या हातात ड्रॉपर दिला आणि दोन पावलं मागे सरकले. बाईंना सांगायला लागले, मुलगी हुशार आहे हो, पण हात जरा कच्चा आहे.

तेव्हा तिच्या डोक्यात प्रकाश पडला. पावडर फसली तर ती तिच्या हातून फसणार होती. सर मोकळे.

तिचं डोकं सणकलं. तिने ड्रॉपर टेबलावर ठेवला आणि सोड्याचा बीकर सरळ उलटा केला.

मोठा बीकर क्षणात काळाकुट्ट झाला. बाईंची पेन्सिल थांबली. सर नुसतं "अगं" म्हणाले.

पुढचा तासभर पंख्याची घरघर तेवढी चालू होती. सर दोघींकडे पाठ करून खिडकीशी उभे. सुसाट एकदाही खाली बसली नाही. मग तिने थोडं काळं पाणी काचेच्या नळीत घेतलं आणि बाहेरून चुंबक टेकवलं.

पाणी नितळ झालं. सगळं काळं चुंबकाच्या बाजूला गोळा.

बाईंनी नळी तिच्या हातातून घेतली. स्वतः लावून बघितलं, दोनदा. मग पेपर पुढे करून विचारलं, हे यात कुठे लिहिलंय?

"नाही लिहिलं. ती ओळ खोटी आहे, माझ्याच हातची," सुसाट म्हणाली. "पावडर खरी आहे."

सर लगेच म्हणाले की आपल्याला यातलं काहीच माहीत नव्हतं. तिने वळूनही बघितलं नाही. ती बाईंनी तोंड उघडायची वाट बघत होती. एकदाचं बोला आणि संपवा.

बाईंनी पेपर मिटला.

"आमच्या लॅबमध्ये एकीची पावडर जमली होती," त्या म्हणाल्या. "म्हणाली, मॅडम, मी सोडा एकदम ओतला. मी म्हटलं, पेपरात तसं नाहीये, तू बाहेरून पावडर आणून भरलीस. गेल्या महिन्यात तिला काढून टाकलं मी."