न सोडलेला माटव

कॅन्सरवरच्या औषधाच्या तिसऱ्या डोसाआधी डॉक्टर भक्तीने सुगंधाकाकीला कागदावर एक नळी काढून दाखवली. “आल्फा आणि बीटा ट्यूब्युलिन ही दोन प्रथिनं. त्यांच्या जोड्या एकापुढे एक लागून ओळ होते. अशा तेरा ओळी गोलाकार जुळल्या की ही पोकळ नळी. गाठीतली पेशी एकीच्या दोन होताना अशा नळ्या बांधते आणि सोडते. आपलं औषध त्या सोडूच देत नाही.”

“म्हणजे लग्नाक दारात माटव घातलो आणि सोडूकच दिलो नाय!” काकी हसली. “मगे दुसऱ्या माटवाक वासे खंयसून हाडतली ती?”

“अगदी बरोबर. पण अशाच नळ्या नसांतही असतात. बोटं बधिर झाली असतील, तर डोस कमी करावा लागेल.”

“माझी बोटां? जाळी शिवतंय मी, डॉक्टरबाय!”

खरं तर आठ दिवस काकीला हातातली सुई कळत नव्हती. पण गाठ समूळ जायला हवी, म्हणून डोस तिला पुरा हवा होता. तपासणी कशी होते, ते तिने बाहेरच्या बाकावरच्या बायकांकडून पाठ करून घेतलं होतं. आधी बटण, मग चावी, मग रुपया.

तिने डोळे मिटून हात पुढे केला.

“बटण.”

“बरोबर. आता?”

“चावी.”

“आणि आता?”

“रुपयो!” काकीने ठणकावून सांगितलं.

“काकी, या खेपेला मी तुमच्या हातात काहीच ठेवलं नाही.”