बारा किलो

काट्यावर चढण्याआधी दैवशालानं पायातले कापडी बूट काढून बाजूला ठेवले. मग पदर आवरून ती सरळ उभी राहिली.

"काकू, तिथं दळणाचे डबे ठिवतेत," गिरणीवाला बन्सीधर म्हणाला. "तुमी कशाला चढलाव?"

"आकडा सांग."

"अठ्ठ्याहत्तर. दळायचंय का तुमाला?"

गिरणीतल्या बाया खळखळून हसल्या. दैवशालाही हसली. अठ्ठ्याहत्तरातून बारा गेले की सहासष्ट. दिवाळीला अजून साडेतीन महिने होते.

हे बारा किलो परभणीच्या हाडाच्या डॉक्टरांनी सांगितले होते. आषाढात लेकीला, ऋतिकाला, न्हाणीतून उचलून बाहेर आणताना दैवशालाच्या गुडघ्यानं दगा दिला आणि दोघी उंबऱ्यावर आपटल्या. ऋतिकाच्या कपाळाला तीन टाके पडले. डॉक्टर म्हणाले, "छप्पन्न वय, गुडघे झिजलेत. बारा किलो उतरवा, मांड्यांत ताकद आणा. नाहीतर उचलाउचल बंद."

घरात दोघीच. सिताराम होते तोवर ऋतिकाला अंगणात नेणं, चिमण्या दाखवणं, परत आत आणणं सगळं त्यांच्याकडं असायचं. दीड वर्षापूर्वी ते गेले आणि नवऱ्याचं ते कामही दैवशालाच्या कमरेवर आलं. ऋतिकाला अजून एकच हाक मारता यायची, "मा." पडल्यापासून दोन दिवस तीही हाक बंद होती. दैवशालानं हात पुढं केला की ती अंग चोरून घ्यायची.

टाके निघाले त्या दिवशी धाकटा दीर शिवशंकर आला. बशीतला चहा संपवून त्यानं ती खाली ठेवली.

"वैनी, संभाजीनगरला एक होस्टेल बघून आलो. ऱ्हानं, खानं, शिकवनं समदं तिथंच. तिच्यासारखी चाळीस लेकरं हायेत."

"माज्याबिगर तिला घास जात न्हाई, भावजी."

"पयल्यांदा समदीच रडतेत. मग रुळतेत."

दैवशालानं त्याच्या बशीत पुन्हा चहा ओतला. "दिवाळीपतोर टाइम द्या मला."

दुसऱ्या दिवसापासून ती पहाटे उठून पिंगळीच्या स्टेशनापर्यंत चालायला लागली. तेवढा तासभर शेजारची मनिषा ऋतिकाजवळ बसायची.

"काकू, बाया म्हनायल्यात, नवरा गेल्यावर हिला हिरोईन व्हायचंय."

"व्हायचंच हाय. तू ऋतिकाचं तोंड पुसलंस का?"

चहातली साखर गेली, रात्रीचा भात गेला. दोन भाकरींची एक झाली. उपकेंद्रातल्या संघप्रिया सिस्टरनं खुर्चीवरून हात न टेकता उठायला शिकवलं, आधी दहा वेळा, मग वीस. ऋतिका बाजेवरून बघत असायची. माय उठली की टाळी, बसली की टाळी. त्या टाळ्यांपायी दैवशाला पाच वेळा जास्तच उठायची. गुडघ्यातून कळ निघायची ती दातांत धरायची.

पोळ्याला तिनं पुरणाची पोळी केली, दुधात कुस्करून ऋतिकाला चिऊचा एक, काऊचा एक करत भरवली. नंतर बोटं चाटली नाहीत, सरळ पाण्याखाली धरली.

पंचाहत्तर. बाहत्तर. मग सत्तरवर आकडा अडला तो तीन आठवडे हललाच नाही. तिसऱ्या आठवड्याला गिरणीतून बाहेर पडली, घराच्या वळणावर थांबली, मनिषाला "आलेच गं" म्हणून ओरडली आणि ऐन उन्हात पुन्हा स्टेशनाकडं चालत गेली.

लक्ष्मीपूजनाच्या सकाळी ती काट्यावर चढली. बन्सीधरनं आकडा बघितला, मग तिच्याकडं बघितलं. थट्टा त्यानं कधीच सोडली होती.

"सहासष्टच धरा, काकू. काटा थोडा इकडंतिकडं दाखवतो."

"हाय ते सांग, बाबा."

"सदुसष्ट."

पाडव्याला शिवशंकर आला. बायकोनं दिलेला फराळाचा डबा त्यानं खाली ठेवला आणि खिशातून घडी घातलेला होस्टेलचा फॉर्म काढला. "किती झालं, वैनी?"

"सदुसष्ट. एक ऱ्हायला."

फॉर्मची घडी उलगडून त्यानं पेन काढलं.

दैवशाला उठली. बाजेपाशी जाऊन तिनं पाय फाकवून रोवले. पाठ न वाकवता गुडघे वाकवले, एक हात ऋतिकाच्या खांद्याखाली घातला, एक मांड्यांखाली. ऋतिकानं डोळे गच्च मिटले, मग दोन्ही हातांनी तिच्या गळ्याला मिठी मारली.

दैवशालानं तिला उचललं. ओसरी ओलांडली. दोन पायऱ्या उतरली. शिवशंकर पेन टाकून हात पसरत मागं धावला, पण त्याची गरज पडली नाही. उन्हातल्या खुर्चीत तिनं ऋतिकाला अलगद ठेवलं.

"त्यो एक किलोबी काढते," ती धापा टाकत म्हणाली.

शिवशंकरनं पसरलेले हात खाली घेतले. "तुमालाच काय झालं तर, वैनी?"

"म्हनून तर चालायलेय, भावजी."

त्यानं आत जाऊन पडलेलं पेन उचललं. मग फॉर्मची घडी घालून त्यानं खिशात ठेवली. "पुढल्या दिवाळीला बघू," म्हणाला, आणि ऋतिकाच्या कपाळावरच्या व्रणावरून हात फिरवून निघून गेला.

दैवशालानं तेलाची वाटी आणली. खुर्चीमागं उभी राहून ऋतिकाचे केस मोकळे केले, उन्हात भांग पाडला. पाडता पाडता तिचा हात थांबला. कानशिलाजवळ चार केस पांढरे निघाले होते. तिनं ते हळूच काळ्या केसांत दडवले.

"बापावर गेलीस गं माय," ती म्हणाली. "त्यांचेबी पस्तिशीतच पिकाय लागले व्हते."