धोंडबाला समजलं पाहिजे

"नाही समजलं," धोंडबा म्हणाला.

शामलाने खडू टेबलावर आपटला. घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली होती. प्रबंध जमा करायचा आज शेवटचा दिवस होता आणि विद्यापीठाच्या कचेरीची खिडकी पाचला बंद होत असे. पाचही बांधीव प्रती तयार होत्या, फक्त मार्गदर्शक कृष्णकांत सरांची सही राहिली होती. सरांचा नियम मात्र जुना होता. विद्यार्थ्याने आपलं काम प्रयोगशाळेच्या शिपायाला समजावून सांगायचं. धोंडबाला समजलं तर सही.

"काका, आज तिसरा दिवस आहे."

"मंग मी काय करू वं? मे महिन्यात तू थंडीच्या गोष्टी सांगून राहिली. डोक्यात शिरता शिरता वितळते."

तो हसला. एक शब्द बोलला की पोरगी सुटत होती. सरांना खरंखोटं कळलंही नसतं. पण अठरा वर्षांत तेवीस जणांनी त्याच्यासमोर घाम गाळला होता, आणि न समजता 'समजलं' असं तो एकदाही म्हणाला नव्हता.

"पुन्हा सांग," तो स्टुलावर नीट बसत म्हणाला.

शामलाने श्वास घेतला. "हेलियमचं पाणी केलं. भयंकर थंड. त्यात दोन प्रकार, एक हलका, एक जड. मोठ्या भांड्यात आणखी थंड केलं की दोघे वेगळे होतात. हलका वर, जड खाली."

"तेलापाण्यावानी. पुढं."

"त्या थंडीत जड असा वाहतो, की त्याला कसलीच घासण लागत नाही. अडत नाही, थकत नाही."

"हे बी समजलं."

"आता तेच मिश्रण बारीक छिद्रांच्या काचेत भरलं. छिद्रं इतकी बारीक, की वर-खाली व्हायला जागाच नाही. मग ते तसं वेगळं होत नाही. जड भिंतीला धरून बसतो, हलका मधे राहतो. आणि हलका पुष्कळ असला, तरी जड भिंतीच्या कडेने वाहतच राहतो."

"थांब." धोंडबाने हात वर केला. "गाडी इथंच अडते. भिंतीले धरून बसला म्हणते, अन् वाहते बी म्हणते. बसला तं वाहीन कसा?"

"असंच असतं, काका!"

"असंच असते म्हणजे तुलेच नाही समजलं."

शामलाचा चेहरा लाल झाला. कूलर घरघरत होता. तिने फळा पुसला, आणि मग बोलली ती उमरेडला घरी बोलायची तशी.

"सारा नाही वाहत, काका. भिंतीले लागून जो पह्यला थर हाय ना, तो गोठून बसते. हलतच नाही."

"कधीच?"

"कधीच नाही. भिंतीची सारी ओढ तो आपल्यावर घेते. म्हणून त्याच्यावरचा मोकळा होते अन् वाहते."

धोंडबा स्टुलावरून उठला. त्याने मांडीवर थाप मारली आणि सारी प्रयोगशाळा दणाणेल इतक्या मोठ्याने हसला. "समजलं! पक्कं समजलं! अवं, तीन दिवस हे काहून नाही सांगितलं?"

"मला ते एवढं महत्त्वाचं वाटलं नाही. आहे प्रबंधात. तळटिपेत."

"म्हंजे कुठं?"

तिने पान उघडून दाखवलं. तळाशी, बारीक अक्षरात, दीड ओळ. धोंडबाला इंग्रजी येत नव्हतं, तरी तो वाकून बघत राहिला.

"एवढुसं?"

पाचही प्रती छातीशी धरून तो दार न वाजवता सरांच्या खोलीत शिरला, मागोमाग शामला. "साहेब, समजलं. पण ज्याच्या जिवावर वाहून राहिलं, त्याले हिनं पानाच्या बुडाशी टाकलं."

सरांनी ते पान आधी चष्म्याशिवाय वाचलं, मग चष्मा लावून. पाचही प्रतींवर सह्या केल्या आणि पेन शामलापुढे धरलं.

"बाण काढ. वर मजकुरात घे ते."

"सर, खाडाखोड चालेल?"

"समीकरणं हातानेच लिहिलीस ना? हेही लिही."

नव्या बांधणीची पानं उघडी राहत नव्हती. धोंडबाने दोन्ही तळव्यांनी दाबून धरली आणि शामलाने बाण काढले. एक, दोन, तीन. चौथ्याला तिला हसू आवरेना, बाण वाकडा गेला. तेवढ्यात धोंडबाचं लक्ष घड्याळाकडे गेलं. "सायकल काढतो, मागं बस," म्हणत तो जिन्याकडे पळाला.

त्याचे हात सुटताच पाचवी प्रत मिटली. सरांनी ती उघडली, पेपरवेट बाजूला सरकवलं आणि पान दोन्ही हातांनी दाबलं. खालून सायकलची घंटी सारखी वाजत होती.

"सावकाश काढ," सर म्हणाले. "मी धरलंय."