साक्षीदार

“निशाणाच्या कागदाला साधा ओरखडासुद्धा नाही. पुढच्या वर्षी हाच वापरा,” म्हणत वासंतीने मोबाइल उचलला.

जुन्या छर्‍याच्या बंदुकांची ही ऑनलाइन स्पर्धा मीच भरवलेली. प्रत्येकाने आपापल्या अंगणात पाच छर्रे मारायचे आणि फोटो बायकोने ग्रुपवर टाकायचा, हा नियमही माझाच. स्पर्धेतले निंबाळकर लबाडी करतात म्हणून.

“निंबाळकर वर्षभर हसतील गं. जरा हललेला काढ.”

तिने कागदाशेजारच्या पाण्याच्या पिंपाचाही स्वच्छ फोटो टाकला. पाचही भोकं एका रुपयाखाली झाकली जातील एवढी जवळ.

निंबाळकरांचाच मेसेज आला, “एवढी जवळजवळ भोकं कुणाचीच नाहीत. बंदूक वाकडी असेल, हात पक्का आहे. पहिला नंबर तुमचा.”

मी लगेच प्रमाणपत्र छापलं आणि फ्रेम शोधायला लागलो.

“फ्रेम कशाला?” वासंती म्हणाली. “पिंपाला चिकटवा, अजून गळतंय.”