विचाराची दहा मिनिटं

"आज बातमी राहू द्या," सर म्हणाले. "गणिताची पुस्तकं काढा."

वर्गात एकच गलका झाला. पहिल्या तासाची पहिली दहा मिनिटं विचाराची, हा नियम खुद्द सरांचाच. एकाने बातमी सांगायची, सगळ्यांनी डोळे मिटून तिच्यावर विचार करायचा आणि मग सांगणाऱ्याला प्रश्नांनी भंडावून सोडायचं. शेवटी सर ती फळ्यावर लिहिणार आणि पुढे 'खरी' किंवा 'खोटी' असा शेरा मारणार. खरी ठरली तर टाळ्या. शिक्षकांच्या खोलीत यावरून सरांची यथेच्छ टिंगल चाले. मोठ्या बाईंनी तर बोलावून सुनावलं होतं, की अभ्यासक्रम कोण पुरा करणार, तुमचा विचार? पण सर बधले नव्हते. बाहेर जग पेटलंय आणि आपण पोरांकडून नुसते पाढे घोकून घ्यायचे, हे त्यांना पटतच नसे.

"सर, नियम म्हणजे नियम!" मागच्या बाकावरून आवाज आला. "तुम्हीच म्हणालात, मला ताप आला तरी बातमी चुकायची नाही."

"आणि आज माझा नंबर आहे," पहिल्या बाकावरची मुलगी उभी राहिली. येता-जाता प्रश्न विचारते म्हणून वर्गाने तिचं नाव शंकाबाई ठेवलं होतं.

आज नंबर कुणाचा, हे सरांच्या ध्यानातच राहिलं नव्हतं. शाळा भरायच्या आधी हिचा मामा त्यांना फाटकाशी गाठून गेला होता. "सर, भावोजी गेले," तो म्हणाला होता. "काल कामावर बोगदा खचला. संध्याकाळी घरी आणतायत. पोरीला अजून काही सांगितलेलं नाही, ताईच्या अंगात तेवढं बळच नाही हो. संध्याकाळपर्यंत हिला सांभाळा. तुमच्या वर्गात निदान तिच्या कानावर काही पडणार नाही." सरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून शब्द दिला होता.

"तुझी बातमी उद्या ऐकू," सर म्हणाले.

"उद्या शिळी होईल ना, सर!" ती फळ्यापाशी पोचलीसुद्धा. "आमच्याकडे आज पेपर आला नाही. टीव्ही बिघडलाय म्हणाली आजी. मग मी ठरवलं, सर सांगतात तसंच करायचं. आधी नीट बघायचं, मग विचार करायचा, मगच बोलायचं. तर बातमी अशी, की माझे बाबा आज घरी येणार."

वर्गाने डोळे मिटले. एरवी सरही मिटत. घरचं, दारचं, जगाचं, सगळं स्वतःशी बोलून घ्यायला त्यांना दिवसभरात हीच काय ती सवड. आज मात्र त्यांना डोळे मिटवेनात. समोर ती पोरगी, एकटीच उघड्या डोळ्यांनी त्यांच्याकडे बघून हसत होती.

"कुणी सांगितलं?" पहिला प्रश्न नेहमीचा.

"कुणीच नाही. मीच ओळखलं. सकाळी उठून बघते तर काका, आत्या, मावशी, झाडून सगळे हजर! दाराशी चपलांची ही रास. आत्या बाबांच्या चांगल्या शर्टाला इस्त्री करत होती. आणि माझ्या हातून दूध सांडलं तरी कुणी ओरडलं नाही."

"आई काय म्हणाली?"

"आई रडत होती. पण बाबा येतात तेव्हा ती दर वेळी रडते."

सगळा वर्ग हसला.

"आणि मामा मला सोडायला आला ना, त्याला मी विचारलंच. बाबा आज येणार ना रे? तर त्याने नुसती मान हलवली आणि तोंड फिरवलं. त्याच्या पोटात काही म्हणून राहत नाही!"

आता कुणाकडे प्रश्न उरला नाही. सर उठले. कुठून ही विचार करायला शिकवायची अवदसा आठवली आपल्याला, असं त्यांना झालं. पोरीने एकूण एक गोष्ट बरोबर पाहिली होती. कुठेच चुकली नव्हती. त्यांनी वर्गाकडे पाठ केली आणि फळ्यावर लिहिलं, 'बाबा आज घरी येणार.'

"सर, शेरा!" वर्ग ओरडला.

खडू फळ्याला टेकवून सर तसेच उभे राहिले. 'खोटी' म्हणावं, तर ती खोटी नव्हती. काहीच लिहू नये, तर पोरगी कारण विचारल्याशिवाय राहणार नव्हती.

"सर, माझं काही चुकलं का?" मागून तिने हळूच विचारलं.

"नाही गं," सर म्हणाले, आणि त्यांनी 'खरी' असं लिहिलं.

वर्गाने टाळ्यांचा कडकडाट केला. सगळ्यात जोरात ती स्वतः वाजवत होती.